पुण्यात आत्या आहे

इगतपुरीत जुलै महिन्यात भिजलेली माणसं दोन प्रकारची दिसतात. एक मुंबईहून धबधबे बघायला आलेली. ती हौसेने भिजतात आणि वर त्याचे फोटो काढतात. दुसरी तहसील कचेरीच्या रस्त्याने येणारी. ती स्वतः चिंब होतात, पण काखेतली प्लॅस्टिकची पिशवी कोरडी ठेवतात. त्या पिशवीत अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, दहावीचं मार्कशीट, बारावीचं मार्कशीट आणि तळाशी, कोणी मागितलेलं नसताना, गॅसचं पुस्तक असतं. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान याच रस्त्याला आहे. पहिल्या प्रकारची माणसं मला भावली धरणाचा रस्ता विचारतात आणि दुसऱ्या प्रकारची ‘होम युनिव्हर्सिटी म्हणजे काय’ ते विचारतात. भावली धरणाचा रस्ता सांगता येतो.

इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी महाराष्ट्राचे विद्यापीठवार वाटे पडलेले आहेत. बारावी ज्या जिल्ह्यात पास, तिथलं विद्यापीठ तुमचं घरचं. बाकीची सगळी परकी. कॉलेजच्या कटऑफच्या यादीत जागेच्या नावाला शेपटी असते. शेपटीत एच असेल तर घरच्यांची जागा, ओ असेल तर बाहेरच्यांची, एस असेल तर सगळ्या राज्याची. नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठात, म्हणजे आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. घाट उतरला की कसारा; तो ठाणे जिल्हा, म्हणून मुंबई विद्यापीठात. इगतपुरीहून मुंबई रेल्वेने सुमारे १३७ किलोमीटर. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस ऑफिसच्या वेळेला व्हीटीला उतरतो. पुण्याला जायचं तर घोटी, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशी गावं मोजत दोनशेच्या वर किलोमीटर. तरी आम्ही पुण्याचे. बरं, खुद्द नाशकात दोन विद्यापीठांची मुख्यालयं आहेत, एक आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि दुसरं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. इंजिनीअरिंगच्या फॉर्ममध्ये त्यांतलं एकही आमच्या घरचं नाही. जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, त्यात जळगाव, धुळे, नंदुरबार आले. नाशिक नाही. उत्तर महाराष्ट्रात आम्ही फक्त हवामानाच्या बातम्यांपुरते असतो.

माझा मोठा भाऊ रेल्वेत आहे, बँकरवर. ज्यांना घाट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. सदतिसात एक असा चढ आहे. ती इंजिनं गाडी ढकलत वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि मोकळी खाली जातात. गाडीतल्या लोकांना वाटतं इगतपुरीला गाडी वडापावसाठी थांबते. तर दादा गेली कित्येक वर्षं दिवसातून दोन-तीनदा मुंबई विद्यापीठातून पुणे विद्यापीठात येतो, आणि त्याला आजवर कोणी मायग्रेशन सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

यंदा दादाची लेक बारावी झाली.

आधी तिच्या मार्कांचं सांगतो, कारण गल्लीत सगळ्यांना आधी तेच हवं होतं. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो आणि दशांश चिन्हापुढे सात आकडे असतात. आमच्याकडे पावसाची नोंदसुद्धा एवढी बारीक होत नाही, आणि पाऊस हा गावाचा मुख्य धंदा आहे. “किती पडले?” “सत्त्याण्णव.” “सत्त्याण्णव पॉइंट?” शेजारच्या काकू पॉइंटच्या पलीकडे शिरल्या की ओळखायचं, यांच्याही माहेरी यंदा कोणीतरी बारावीला आहे. दुसऱ्या आकड्याला आवाज खाली येतो, चौथ्याला त्या “आमच्याकडे काही एवढं नाही बाई” म्हणतात, आणि घरी जाऊन आपल्याकडचे सातही आकडे पुन्हा मोजतात.

सीईटी राज्याची आणि जेईई देशाची, दोन्ही पोरीने दिल्या होत्या. त्यामुळे तिच्यापुढे दोन वाटा आल्या आणि आमच्या घरात सात मतं झाली. घरात माणसं पाच आहेत.

राज्यात की राज्याबाहेर, हा प्रश्न ऐकायला अगदी सरळ आहे. राज्याला हद्द असते, हद्दीच्या अलीकडे घर, पलीकडे परमुलूख. दुकानात बसून मी जे बघतो त्यावरून सांगतो, हद्दीचा आणि घराचा फारसा संबंध नाही. एनआयटीचंच घ्या. देशभरच्या एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांच्या, निम्म्या बाहेरच्यांच्या. महाराष्ट्राच्या वाट्याला एकच आली आहे, नागपूरची, विश्वेश्वरय्यांच्या नावाची. म्हणजे आमची घरची एनआयटी ती. समृद्धी महामार्ग आमच्या दारातून जातो, त्यावरून नागपूर ६२५ किलोमीटर. सुरतची एनआयटी परराज्यातली. सापुताऱ्याचा घाट उतरून गेलं की झालं, अंतर निम्म्याहूनही कमी. मी नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं.

“भावजी, पट्टी ठेवा बाजूला,” वहिनी म्हणाल्या. “नागपूर आपलं आहे.”

“वहिनी, अख्खी रात्र जाते नागपूरला पोचायला.”

“जाऊ द्या. सकाळी उतरल्यावर मराठी तरी बोलतील.”

नागपूरला नोकरी करून आलेले एक गृहस्थ दुकानात झेरॉक्सला थांबले होते. ते म्हणाले, बोलतील, पण सुरुवात हिंदीत करतील.

त्यात नागपूरला जेईईच्या रँकवर तिला मिळण्यासारखं होतं ते मायनिंग. वहिनींनी तीनदा विचारून खात्री करून घेतली की मायनिंग म्हणजे खाणच. सुरतला केमिकल मिळत होतं. केमिकल म्हणजे काय याची त्यांना काहीच कल्पना नव्हती, त्यामुळे ते त्यांना जास्त सुरक्षित वाटलं. पण ते पडलं गुजरातेत.

सुरतेला खरा पाठिंबा मिळाला आईकडून, म्हणजे पोरीच्या आजीकडून.

“महाराज दोनदा गेले होते सुरतेला,” आई म्हणाली, “आणि दोन्ही वेळा धड परत आले.”

मी म्हटलं, “आई, दुसऱ्या वेळी, १६७० साली, परतताना मोगलांनी गाठलं होतं त्यांना. दिंडोरीजवळ लढाई झाली.”

“दिंडोरी आपल्याच जिल्ह्यात ना?”

“हो.”

“मग? सुरतेत काही झालं का? जे झालं ते घराजवळ आल्यावर झालं.”

यावर घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं. यादीत पुढे कर्नाटकातलं सुरतकल आलं तेव्हा तिला वाटलं, ही सुरतेचीच शाखा असणार, म्हणून तिने त्यालाही हो म्हणून टाकलं. ते समुद्रकाठी आहे हे कळल्यावर ते एकमताने बाद झालं. आमच्या घरात चार महिने छपरावरून पाणी वाहतं, पण समुद्राला सगळे घाबरतात.

ज्यांच्या नावाने ही आमची ‘घरची’ एनआयटी आहे ते विश्वेश्वरय्या स्वतः म्हैसूर संस्थानातले. बी.ए. मद्रास विद्यापीठाचे. मग म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याला कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनीअरिंग शिकले. तेच पुढचं सीओईपी. १८८३ साली परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले ते आमच्या नाशकात. तीन प्रांतांचं पाणी प्यायलेला हा माणूस आज माझ्या दुकानात फॉर्म भरायला आला असता तर ‘कॅन्डिडेट टाइप’च्या रकान्यात अडकला असता, आणि मी त्याला सांगितलं असतं, “साहेब, आधी सेतूत जाऊन या.”

तो रकाना म्हणजे अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्राचा उमेदवार ए पासून ई पर्यंत पाच प्रकारचा असतो. दहावी-बारावी इथे झालेली आणि जन्म किंवा अधिवास इथला, तो ए. आई किंवा बाप अधिवासी, तो बी. आईबापांपैकी कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत असून महाराष्ट्रात नेमणुकीवर आलेला, तो सी. रेल्वे कॉलनीत असे पुष्कळ आहेत. बाप पाटण्याहून बदलून आला की पोरगं महाराष्ट्राचं. राज्य सरकारी नोकरांची मुलं डी. आणि ई म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातली मराठी मातृभाषेची मुलं. बेळगाव, निपाणी, खानापूर. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो तिथलं पोरगं कर्नाटकात राहून, कर्नाटकात शिकून आमच्या फॉर्ममध्ये घरचं ठरतं. कोर्टात खटला लोंबकळत पडला आहे, पण ड्रॉपडाउनमध्ये सीमाप्रश्न सुटलेला आहे.

उलट बाजूही आहे. पलीकडच्या आळीतला एक मुलगा अकरावीला कोट्याला गेला. हल्ली नाव इथल्या कॉलेजात ठेवून नुसता क्लास तिकडे करतात, पण याचे वडील सरळमार्गी. त्यांनी रीतसर तिथल्याच शाळेत घातला. बारावी राजस्थानातून पास झाली. एनआयटीच्या हिशेबात बारावी ज्या राज्यात पास, ते तुमचं राज्य. त्यामुळे इगतपुरीच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेला, घाटनदेवीच्या जत्रेत हरवून सापडलेला हा मुलगा दिल्लीच्या दृष्टीने राजस्थानी झाला आणि त्याची घरची एनआयटी जयपूरची. मुंबईच्या दृष्टीने मात्र आईच्या अधिवास दाखल्यावर तो टाइप बी, म्हणजे आईच्या पदराला धरून मराठी. वडील माझ्या काउंटरवर दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, “याचं लग्न जमवताना काय सांगायचं?”

अधिवासाचा दाखला हा तर स्वतंत्र पुराण लिहायचा विषय. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. इथल्या हवेत पंधरा वर्षं कागद टिकत नाही, माणूस टिकतो; पण पुरावा म्हणून माणूस चालत नाही. दर पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी येते, आणि जुन्या लाइट बिलावरचा आकडा वाचायला मला स्कॅनरचा ब्राइटनेस शेवटपर्यंत न्यावा लागतो. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात म्हटलं आहे की आपल्या देशात अधिवास एकच, भारताचा. राज्याराज्याचा वेगळा अधिवास अशी गोष्ट कायद्यात नाही. हे ऐकून एका वकील पालकांनी माझ्याकडून त्या निकालाची प्रत काढून घेतली आणि ते तावातावाने दाखल्याच्या खिडकीशी गेले. अर्ध्या तासाने परत आले. प्रतीला लाइट बिल जोडायला सांगितलं होतं.

पैशाचा विषय मात्र आमच्या घरात लवकर संपला, तो असा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस यांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, आणि कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, राज्यातच प्रवेश घेतला तर. वहिनींनी हे ऐकलं आणि एका दिवसात परराज्याचा प्रश्न निकाली काढला. दुसऱ्या दिवशी मी दादाचा फॉर्म सोळा उघडला. बँकर चालवणाऱ्याला किलोमीटरचा भत्ता मिळतो, तो धरून आकडा आठ लाखांच्या पुढे थोडासाच, पण गेलेला. लग्नाला वीस वर्षं होत आली. वहिनींनी दादाच्या पगाराबद्दल तक्रार पुष्कळदा केली असेल, पण पगार जास्त आहे म्हणून केलेली ही पहिलीच. दादा म्हणाला, “चार फेऱ्या कमी मारल्या असत्या तर जमलं असतं.” वहिनी म्हणाल्या, “मी तेच म्हणत होते, घरी लवकर येत जा.”

आमच्या वडिलांच्या पिढीत हा प्रश्न असा नव्हता. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे नंबर लागला नाही आणि घरी ऊस किंवा द्राक्षं असली की मुलगा कर्नाटकात जायचा. मणिपाल, दावणगेरे, गुलबर्गा. देणगी भरायची आणि दोन वर्षांनी पोरगा कानडीत शिव्या शिकून यायचा. आपल्या पोरांचे पैसे तुंगभद्रेकाठी जातात हे वसंतदादा पाटलांना बघवलं नाही म्हणा किंवा आणखी काही म्हणा, १९८३ साली त्यांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं. मग साखर कारखान्याशेजारी कॉलेज, दूध संघाशेजारी कॉलेज. राज्याबाहेर जायची गरज संपली. आता पोरं राज्याबाहेर जायची इच्छा म्हणून जातात, आणि इच्छेला कटऑफ नसतो.

त्यातून खाजगी विद्यापीठांचा घोळ. एका पालकांनी सांगितलं, मुलाला व्हीआयटी मिळालं. मी अभिनंदन केलं आणि कोणतं ते विचारलं. पुण्याचं विश्वकर्मा हे व्हीआयटी, वडाळ्याचं विद्यालंकार हेही व्हीआयटी आणि तमिळनाडूतलं वेल्लोरचं तर व्हीआयटीच. त्यांनी मोबाईल पुढे केला. पत्त्यात वेल्लोर होतं. गृहस्थ गंभीर झाले, कारण त्यांनी गावात वडाळा सांगून ठेवलं होतं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “मी पहिल्यापासून व्हीआयटीच म्हणत होतो.” एमआयटीचंही तसंच, पुण्याचं एक, मणिपालचं एक आणि एक अमेरिकेत. आमच्याकडे कोणी “एमआयटी मिळालं” म्हटलं की लोक आधी पुणे धरून चालतात, मग मणिपालला घाबरतात. अमेरिकेपर्यंत अजून कोणी गेलेलं नाही.

अखेर एका रविवारी दादाला सुट्टी मिळाली आणि घरी बैठक बसली. प्रत्येकाचा नकाशा वेगळा होता. दादाचा रेल्वेचा. ज्या गावाला फलाट नाही ते गाव त्याच्या लेखी अजून वसलेलं नाही. कॉलेज कितीही मोठं असू दे, शनिवारी संध्याकाळी निघालेली मुलगी किती वाजता इगतपुरीला उतरते एवढंच तो विचारायचा, आणि गाडी घाटात किती लेट होते ते धरून वजाबाकी करायचा. वहिनींचा नकाशा मेसचा. पोळी मिळते ते घर, भातावर सांबार ओततात तो परदेश. याच्याविरुद्ध आमच्या घोटीचं भाताचं कोठार पुरावा म्हणून चाललं नाही, कारण ‘आपला भात वेगळा’. आईचा नकाशा शिवकालीन, तो वर आलाच आहे. बेंगळुरूला असलेले एक नातेवाईक फोनवर होते. ते सगळ्या गावांना एकच वाक्य लावत होते, “एक्स्पोजर मिळतं.” आई म्हणाली, “गार हवेत मिळू दे, पण पोरगी आजारी नको पडायला.”

आणि पुण्यात आत्या आहे.

हे वाक्य त्या दिवशी बैठकीत किती वेळा आलं ते मोजायला हवं होतं. माझी ताई पुण्यात कर्वेनगरला असते. पुण्याचं कुठलंही कॉलेज यादीत आलं की वहिनी म्हणायच्या, पुण्यात आत्या आहे. दादा म्हणायचा, पुण्यात आत्या आहेच. खुद्द आत्या फोनवरून म्हणाली, मी आहे ना पुण्यात. मुंबईचं व्हीजेटीआय निघालं, तिथे राज्यपातळीच्या जागा, म्हणजे घाटाची अडचण नाही. पण चर्चा माटुंग्यावरून दोन मिनिटांत ठाण्याच्या मामांवर गेली, मामांच्या दोन खोल्यांवर गेली आणि त्यांतल्या बाल्कनीत कॉट बसते का यावर थांबली.

पोरगी तोपर्यंत काही बोलली नव्हती. ती मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं मैत्रिणीशी बोलतेय. जवळ जाऊन बघितलं तर तिने नोट्समध्ये एक तक्ता केला होता. एका रकान्यात कॉलेजं. दुसऱ्यात कटऑफ असेल असं वाटलं, तर त्यात नातेवाईक होते. पुणे: आत्या, पप्पांचे मित्र, मम्मीची मावशी. मुंबई: मामा, मामींचे भाऊ. नाशिक: विचारूच नका. औरंगाबाद: चुलत आजोबा. ज्या गावापुढे रकाना मोकळा, त्याला तिने हिरवा रंग दिला होता. नांदेड हिरवं, सांगली हिरवं, सुरत हिरवंगार.

“काका, कोणाला सांगू नको,” ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. पण दुकानात बसून जे इतकी वर्षं मला कळत नव्हतं ते तेव्हा कळलं, की आईबाप ज्या गोष्टीला सोय म्हणतात तीच पोरांच्या यादीत अडचण म्हणून लिहिलेली असते, आणि दोघंही एकाच गावावरून भांडत असतात. राज्याची हद्द मध्ये कुठे येतच नाही.

पसंतीक्रम भरायचा दिवस म्हणजे इगतपुरीत हमखास लाइट जाण्याचा दिवस. इन्व्हर्टरवर मी पोरीचा फॉर्म भरायला घेतला. सगळं घर दुकानात. बाहेर धो धो, आत साइट गोल गोल फिरतेय. ओटीपी दादाच्या मोबाईलवर जाणार आणि दादा बँकरवर, घाटात, बोगद्यात. दादा एका बोगद्यातून बाहेर आला की ओटीपी मिळायचा, आणि तो आकडे सांगायला लागला की पुढचा बोगदा लागायचा. शेवटचे दोन आकडे मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत राहिले. कसाऱ्याला गाडी थांबल्यावर काम झालं.

एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या फॉर्ममध्ये जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात: फ्रीज, फ्लोट, स्लाइड. फ्रीज म्हणजे मिळालं ते घेतलं, आता हलायचं नाही. फ्लोट म्हणजे घेतलं, पण वरचं कॉलेज मिळालं तर उडी मारणार. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, वरची शाखा मिळाली तर सरकणार. मी दादाला फोनवर समजावलं. फ्रीज त्याला कळलं. फ्लोटही कळलं, गावात दरवर्षी काही ना काही वाहून जातं. स्लाइड म्हटल्यावर मात्र त्याचा आवाज बदलला. घाटात उतारावर सरकत सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग बांधलेली आहेत. तिथे आयुष्य गेलेल्या माणसाला तू म्हणतोस, मुलीने स्लाइड घ्यावं? “ते सोडून काहीही दाब,” तो म्हणाला आणि बोगद्यात गेला.

आमच्या गावाचं एक मला नेहमी गमतीचं वाटतं. १९७६ पासून इथे धम्मगिरीवर विपश्यना चालते. जर्मनी, जपान, ब्राझील, कुठून कुठून तरुण मुलं पाठीवर सॅक लावून येतात, दहा दिवस एक अक्षर बोलत नाहीत, मोबाईल जमा करतात, पहाटे चार वाजता उठतात. त्यांच्या आईबापांनी इगतपुरी राज्यात आहे की राज्याबाहेर हे बघितलं नसणार. इथे गल्लीत आत्या आहे का, हेही नाही. कॅपच्या फेऱ्या चालू असताना सगळ्या पालकांना सक्तीने तिथे पाठवावं असं माझं मत आहे. फॉर्म पोरांनी भरावेत, ओटीपी मी बघीन.

कॅपची पहिली फेरी लागली. सांगली मिळालं. वालचंद कॉलेज, इलेक्ट्रिकल. १९४७ सालचं, जुनं, नावाजलेलं. नाव ठेवायला जागा नव्हती. राज्यातलं, म्हणून वहिनी खूश. इलेक्ट्रिकल, म्हणून दादा खूश. त्याच्या डोळ्यांपुढे आत्ताच तिची पेंटोग्राफवर हात ठेवलेली तसबीर उभी राहिली होती. सुरतेहून लांब, पुण्यावरून पुढे आणखी चार-साडेचार तास, तरी घरचं राज्य म्हणून कोणाला लांब वाटलं नाही. आईने सांगलीचा गणपती ऐकला होता, तेवढ्यावर ती तयार झाली. पोरगी सगळ्यांत जास्त खूश होती आणि त्याचं कारण मला एकट्याला माहीत होतं. मी तिला दुकानातून पाच फायली फुकट दिल्या.

गादी, बादली, कुलूप यांची यादी सुरू झाली. भडंग तिथेच मिळतं म्हणून चिवडा रद्द झाला आणि मग रद्द झालेला परत आला. हे चालू असताना वहिनी दोन दिवस फोनवर होत्या. कोणाकोणाशी बोलत होत्या ते कळत नव्हतं, अधूनमधून “अगं हो?” एवढंच ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी त्या प्रसन्न चेहऱ्याने दुकानात आल्या, मागे पोरगी.

“भावजी, सापडलं. माझ्या मावसबहिणीची नणंद सांगलीतच असते. विश्रामबागला. कॉलेजला लागून घर आहे, गॅलरीतून गेट दिसतं म्हणे. फार चांगली माणसं आहेत. रोज संध्याकाळी येऊन बसत जा म्हणाली, रविवारी तर जेवायलाच.”

पोरीने काउंटरवर कोपरं टेकली आणि हळूच विचारलं, “काका, सुरतची एखादी फेरी राहिलीय का अजून?”